बार्सिलोनाहून आणायचे काय?

बार्सिलोनातल्या ला राम्ब्ला या गजबजलेल्या रस्त्यावर आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत पर्यटकांसाठीच्या भेटवस्तूंची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. ठिपक्यांचा, झालरींचा झगा घातलेली फ्लामेंको बाहुली, मगांवर आणि टी-शर्टांवर छापलेला काळा बैल, घडीचे पंखे, हातात वाजवायचे कास्तानेत असा त्यांतला माल असतो. एके काळी तिथे मेक्सिकोच्या रुंद काठांच्या टोप्याही टांगलेल्या असत. यांतले जवळपास काहीही बार्सिलोना ज्या प्रदेशात आहे त्या कॅटलोनियाचे नाही. बाहुली आणि तिचा झगा दक्षिणेकडच्या आंदालुसियाचा. तो काळा बैल म्हणजे कादिस प्रांतातल्या ओस्बोर्न कंपनीच्या ब्रँडीसाठी मानोलो प्रिएतो या चित्रकाराने १९५६ साली तयार केलेला जाहिरातीचा फलक. टोप्या तर अटलांटिक महासागराच्या पलीकडच्या. तरीही दरवर्षी लाखो पाहुणे या वस्तू बार्सिलोनाची आठवण म्हणून विकत घेतात आणि घरी नेऊन आप्तेष्टांत वाटतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातलाच हा प्रकार. युरोपच्या सहलीत बार्सिलोनाचा मुक्काम ठेवणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या आता थोडी नाही. तेव्हा तिथून काय आणावे हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला, तरी तो नीट विचारण्याजोगा आहे.

या प्रश्नाला सहसा मिळणारी उत्तरे तीन. वस्तू हाताने केलेली असावी, ती जुन्या परंपरेची असावी आणि तिथल्याच मातीतून, तिथल्याच कच्च्या मालातून आलेली असावी. तिन्ही कसोट्या ऐकायला चोख आहेत, पण कॅटलोनियाच्या बाबतीत त्या लावू गेले की एकेक करून गळून पडतात. तिथल्या सर्वांत लाडक्या भेटींपैकी काही शंभर वर्षांच्या आतबाहेरच्या आहेत, काहींचा कच्चा माल दुसऱ्या खंडातून येतो आणि काही सरळ कारखान्यात तयार होतात. मग अस्सलपणा ओळखायचा कसा? माझ्या मते त्यासाठी एकच साधा प्रश्न पुरतो : ही वस्तू कॅटलान माणूस स्वतःच्या माणसाला देईल का, किंवा स्वतःच्या घरासाठी विकत घेईल का? उत्तर होकारार्थी असेल, तर ती वस्तू तिथल्या जगण्याचा भाग आहे आणि पाहुण्याने ती खुशाल घ्यावी. केवळ पाहुण्यांसाठीच ती तयार होत असेल, तर तिच्यावर कितीही मोठ्या अक्षरांत बार्सिलोना लिहिलेले असो, तिचा त्या गावाशी संबंध दुकानाच्या भाड्यापुरताच.

बैल आणि नर्तकी बार्सिलोनाच्या दुकानांत आले कसे, हे पाहिले की या कसोटीचे महत्त्व कळते. १९३९ ते १९७५ अशी छत्तीस वर्षे स्पेनवर फ्रांकोची हुकूमशाही होती. त्या काळात कॅटलान भाषेला शाळा आणि सरकारी व्यवहारातून हद्दपार केले गेले. साठच्या दशकात परकीय चलनासाठी देशाचे दरवाजे पर्यटकांना उघडले, तेव्हा स्पेन इतरांहून वेगळा आहे अशी जाहिरातबाजी झाली आणि त्या वेगळेपणाचा चेहरा म्हणून ऊन, फ्लामेंको आणि बैलांची झुंज पुढे करण्यात आली. बास्क, गॅलिसिया, कॅटलोनिया या निरनिराळ्या भाषांच्या आणि रीतींच्या प्रदेशांवर हा एकच मुखवटा चढवला गेला. म्हणूनच दुकानातला बैल हा कॅटलान माणसाला निव्वळ चुकीचा पत्ता वाटत नाही. त्यामागचा इतिहास त्याला बोचतो. २०१० च्या जुलैमध्ये कॅटलोनियाच्या संसदेने बैलझुंजींवर बंदी घातली, ती २०१२ च्या आरंभी अमलात आली. स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने २०१६ मध्ये ती रद्द ठरवली, तरी त्यानंतरही तिथे झुंजींचे आखाडे पुन्हा भरलेले नाहीत. एब्रो नदीच्या खोऱ्यातील गावांत बैल पळवण्याचे खेळ चालू आहेत, हेही सांगायला हवे. पण मगवरचा बैल त्या गावांचा नाही, तो ब्रँडीच्या जाहिरातीचाच आहे.

आता कॅटलान माणूस एकमेकांना काय देतो ते पाहू. २३ एप्रिल हा सांत जोर्दी या संताचा दिवस. हा कॅटलोनियाचा पालक संत. त्या दिवशी बार्सिलोनाचे रस्ते गुलाबांच्या आणि पुस्तकांच्या मांडवांनी भरून जातात. पूर्वी पुरुषाने गुलाब द्यावा आणि स्त्रीने पुस्तक, अशी रीत होती. आता कुणीही कुणालाही दोन्ही देते. यातला गुलाब शतकानुशतके जुना आहे, पुस्तक मात्र अगदी अलीकडचे. पुस्तक विक्रेत्यांच्या जगातून आलेल्या कल्पनेवरून स्पेनमध्ये पहिला पुस्तकदिन १९२६ च्या ऑक्टोबरमध्ये साजरा झाला आणि १९३० पासून तो २३ एप्रिलला आला. पुढे १९९५ मध्ये युनेस्कोने हाच दिवस जागतिक पुस्तकदिन म्हणून स्वीकारला. म्हणजे या रीतीचा अर्धा भाग विक्री वाढवण्याच्या खटपटीतून जन्मला. शिवाय त्या दिवशी विकल्या जाणाऱ्या गुलाबांतले पुष्कळसे कोलंबिया, इक्वेडोर आणि नेदरलँड्समधून येतात. वयाची कसोटी लावली तर पुस्तक नापास, कच्च्या मालाची लावली तर गुलाब नापास. तरीही याहून अस्सल कॅटलान भेट दाखवून देणे अवघड आहे, कारण तिथला माणूस ती आपल्या प्रियेला, आईला, शिक्षिकेला आणि कार्यालयातल्या सहकाऱ्याला मनापासून देतो. अस्सलपणा वस्तूच्या अंगात कमी आणि देण्याघेण्याच्या रीतीत जास्त असतो, याचा याहून ठळक पुरावा नाही.

नाताळात हीच गोष्ट अधिक गमतीदार रूपात दिसते. येशूजन्माचा देखावा मांडताना कॅटलान घरांत एका कोपऱ्यात लाल टोपी घातलेला शेतकरी बसवतात, आणि तो चक्क शौचाला बसलेला असतो. हा कागानेर. सतराव्या शतकाची अखेर आणि अठराव्याची सुरुवात या सुमारास तो देखाव्यात आला असे मानतात. जमिनीला खत मिळते, येणारे वर्ष सुपीक जाते, असा त्याचा अर्थ लावला जातो. कुणाला यात मोठ्यालहानांना एका पातळीवर आणणारा विनोद दिसतो. २००५ मध्ये बार्सिलोना महापालिकेने आपल्या सार्वजनिक देखाव्यातून त्याला वगळले. रस्त्यावर असे प्रकार करण्यास नव्या नियमांनी मनाई केली होती, हे त्यामागचे कारण. त्यावर लोकांनी इतकी ओरड केली की पुढच्या वर्षी कागानेर सन्मानाने परतला. ज्या वस्तूसाठी लोक महापालिकेशी भांडतात, ती पर्यटकांसाठी मांडलेली नसते. त्याच्याच जोडीला तिओ दे नादाल हा लाकडाचा ओंडका आहे. डिसेंबरात त्याला घोंगडी पांघरून रोज खाऊ घालतात आणि नाताळच्या सुमारास मुले गाणे म्हणत त्याला काठीने बडवतात. मग घोंगडीखालून मिठाई निघते. बार्सिलोनाच्या कॅथेड्रलसमोर भरणारी सांता ल्युसियाची जत्रा १७८६ पासून नोंदलेली आहे आणि या दोन्ही वस्तू तिथे घ्यायला आजही शेजारपाजारचीच माणसे गर्दी करतात. डिसेंबरात तिकडे जाणाऱ्याने राम्ब्लावर वेळ न घालवता तिकडे वळावे.

पायताणाचे उदाहरण आणखी बोलके आहे. एस्पार्देन्या म्हणजे दोरखंड वळून, शिवून केलेला तळ आणि वर सुती कापड अशी हलकी चप्पल. शेतकरी, कोळी, मजूर ती घालत. लांब फितींची, पोटरीवर गुंडाळायची जात आजही सार्दाना हे वर्तुळनृत्य करणारे घालतात आणि मोसोस दे एस्क्वाद्रा या कॅटलान पोलिसांच्या समारंभी गणवेशातही ती आहे. उन्हाळ्यात सामान्य माणसाच्या पायांतही ती दिसते. आता तिच्या तळाकडे पाहू. पूर्वी तो स्थानिक एस्पार्तो गवताचा असे, आज तो तागाचा असतो. ताग पिकतो मुख्यतः भारतात आणि बांगलादेशात, आणि जगात विकल्या जाणाऱ्या अशा चपलांचे बहुतांश तळ, कित्येकदा पूर्ण चपलाही, बांगलादेशातच तयार होतात. मग बार्सिलोनाच्या गॉथिक भागातल्या जुन्या दुकानात घेतलेली जोडी कॅटलान म्हणायची की बंगाली? माझे उत्तर असे : घालणारा पाय, नाचाचा वापर आणि शिवण्याची रीत कॅटलान आहे, म्हणून चप्पल कॅटलान आहे. मात्र कापड तळाला शिवण्याचे काम तिथल्या कारागिराच्या हातून झाले असेल तर उत्तम, आणि ते विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला श्रेय न देता दाखवल्या, तेव्हा महाराष्ट्र का उसळला हे ज्याला कळते, त्याला हा भेद वेगळा समजावून सांगावा लागू नये.

माती आणि काच यांतही निवडीला भरपूर वाव आहे. कान्तिर ही वरच्या बाजूला गोल कडी आणि दोन तोंडे असलेली मातीची सुरई. एका रुंद तोंडातून पाणी भरायचे, दुसऱ्या बारीक तोटीतून धार धरून प्यायचे. सच्छिद्र मातीतून पाणी पाझरते, त्याची वाफ होताना आतले पाणी थंड राहते. बार्सिलोनाजवळच्या आर्जेन्तोना गावात या एकाच भांड्याला वाहिलेले संग्रहालय आहे. लेइदा भागातल्या वेर्दू गावचे कान्तिर काळेभोर असतात, कारण भट्टीत हवा कोंडून धुरात भाजल्याने माती काळी पडते. जिरोना भागातल्या ला बिस्बाल या गावात तर मुख्य रस्त्याच्या दुतर्फा कुंभारकामाची दुकाने आहेत आणि जुन्या कारखान्याच्या जागी मातीकामाचे संग्रहालय उभे आहे. तिथली हिरवी-पिवळी झिलई दिलेली वाडगी, झाकणाची भांडी लोक स्वयंपाकाला वापरतात. काचेचा पोर्रो हा कान्तिरचा वाइनचा भाऊ. निमुळत्या तोटीतून उंचावरून तोंडात धार सोडायची, ओठ लावायचा नाही, भांडे पंगतीभर फिरवायचे. यादवी युद्धात लढायला आलेल्या जॉर्ज ऑर्वेलला तो पाहून रुग्णालयातले मूत्रपात्र आठवले होते आणि त्याने पेला मागितला होता. उष्ट्याचा विचार जन्मापासून अंगी मुरलेल्या मराठी माणसाला मात्र पोर्रोची सोय एका घोटात पटावी. त्यात वाइनच भरली पाहिजे असेही नाही, कोकम सरबतही चालेल.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत ही कसोटी सर्वांत सोपी होते, कारण खाणे कुणी दिखाव्यासाठी करत नाही. आग्रामुन्त गावचा तोर्रो हा मध, साखर, अंड्याचा पांढरा भाग आणि हेझलनट किंवा बदाम यांचा कडक गोल पापडासारखा प्रकार असतो. युरोपीय संघाचे भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण त्याला आहे. अंडे वर्ज्य असणाऱ्या घरी तो नेऊ नये, एवढे लक्षात ठेवावे. रेउसचे हेझलनट, एब्रोच्या त्रिभुज प्रदेशातला तांदूळ, सिउराना आणि लेस गार्रीगेस या भागांतले आर्बेकिना ऑलिव्हचे तेल, यांनाही असेच संरक्षण आहे. जूनच्या अखेरीस तोडलेले कोवळे हिरवे अक्रोड आणि रानातल्या वनस्पती मद्यात मुरवून केलेली रताफिया अनेक घरांत आजही आपापल्या पाककृतीने होते. सांत सादुर्नी द आनोइया हे गाव कावा या फेसाळ वाइनचे माहेर. १८७२ मध्ये जोझेप राव्हेन्तोस यांनी शॅम्पेनच्या पद्धतीने ती तिथे प्रथम केली. भारतात परतणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, तेव्हा एक बाटली सामानात बसते. विक या गावच्या सुप्रसिद्ध सुक्या सॉसेजचा मोह मात्र आवरावा, कारण मांसजन्य पदार्थ आणण्यावर आपल्याकडे निर्बंध आहेत. या साऱ्यासाठी खास दुकानही शोधावे लागत नाही. वस्तीतले साधे सुपरमार्केट किंवा मंडई पुरते, आणि शेजारी रांगेत उभा असलेला माणूस तेच घेत असतो, ही कसोटी उत्तीर्ण झाल्याची खूण.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. अमुक कॅटलान, अमुक परके अशी प्रतवारी करणे म्हणजे संस्कृतीचा पहारेकरी होणे नव्हे का? फ्लामेंकोची महान नर्तकी कार्मेन आमाया बार्सिलोनाच्याच सोमोरोस्त्रो या समुद्रकाठच्या झोपडवस्तीत जन्मली. पन्नास ते सत्तरच्या दशकांत आंदालुसियातून लाखो मजूर कॅटलोनियात आले आणि तिथेच रुजले. जिप्सी वस्त्यांतून निघालेली रुम्बा कातालाना पेरेत या गायकाने घरोघरी पोचवली आणि १९९२ च्या ऑलिंपिकच्या समारोपात ती जगाने ऐकली. योगायोग असा की कॅटलोनियाचे मानवी मनोरे आणि फ्लामेंको हे दोन्ही युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१० या एकाच वर्षी दाखल झाले. हे सारे मान्य आहे, आणि म्हणूनच माझी कसोटी वंशाची किंवा उगमाची नाही, वापराची आहे. बार्सिलोनातल्या एखाद्या आंदालुसियन वंशाच्या कुटुंबात मुलीला मेळ्यासाठी शिवलेला झगा अस्सल आहे. पेरेतची ध्वनिमुद्रिका अस्सल आहे. माद्रिद, मायोर्का आणि बार्सिलोना येथे एकाच साच्यातून निघालेली प्लास्टिकची बाहुली मात्र कार्मेन आमायाचीही नाही आणि सोमोरोस्त्रोचीही नाही. वापराची कसोटी परक्याला बाहेर ठेवत नाही, निर्जीव साच्याला ठेवते.

याच आक्षेपाची दुसरी बाजू आपल्या अधिक जवळची आहे. बार्सिलोनातली भेटवस्तूंची अनेक छोटी दुकाने पाकिस्तान, भारत, बांगलादेश येथून गेलेले लोक चालवतात. दुकानांतल्या मालावरची टीका बघता बघता दुकानदाराच्या कातडीवरची टीका होते, हे तिथे घडते आणि त्याबाबत सावध राहिलेच पाहिजे. दिवसाचे चौदा तास गल्ल्यावर बसणारा हा माणूस या व्यवहाराचा सूत्रधार नव्हे. जागेचे भाडे इतके चढलेले असते की हमखास खपणारा, आयात केलेला, न नासणारा स्वस्त माल ठेवण्यावाचून त्याला पर्याय उरत नाही. गिऱ्हाइकाने फितींच्या चपला मागितल्या तर तोही त्या ठेवेल. दोष शोधायचाच असेल तर तो भाड्याच्या गणितात आणि आपल्या मागणीत शोधावा.

दुसरा आक्षेप असा की फ्रिजवर चिकटवायच्या एका मॅग्नेटने कुणाचे काय बिघडते? आठवण घेणाऱ्याची असते, वस्तू निमित्तमात्र. हे एका व्यक्तीपुरते खरेच आहे. पण बार्सिलोना शहराची लोकसंख्या सतरा लाखांच्या आसपास आणि वर्षाला मुक्कामाला येणारे पर्यटक दीड कोटीहून अधिक. इतक्या हातांनी केलेली छोटी निवड शहराचा चेहरा बदलते. जुन्या भाडेकरारांवर चालणाऱ्या दुकानांना १९९४ च्या कायद्याने दिलेली मुदत २०१४ च्या अखेरीस संपली, भाडी बाजारभावाला गेली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची अनेक दुकाने बंद पडली. १७६१ पासूनचे मेणबत्त्यांचे सेरेरिया सुबिरा, १८५१ पासून लाकडाच्या भट्टीवर सुकामेवा भाजणारे कासा जिस्पेर्त अशी काही तगून आहेत, ती वस्तीतले गिऱ्हाईक आणि जाणता पाहुणा या दोघांच्या भरवशावर. २०२४ च्या उन्हाळ्यात स्थानिकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या, महापौर झाउमे कोल्बोनी यांनी २०२८ पर्यंत पर्यटकांच्या भाड्याच्या सदनिकांचे परवाने संपवण्याची घोषणा केली. हा राग एका मॅग्नेटवरचा नाही, आपल्याच शहरात आपल्या उपयोगाचे काही मिळत नाही या अनुभवावरचा आहे. रहिवाशाच्या गरजेची वस्तू रहिवाशाच्या दुकानातून घेणारा पाहुणा त्या दुकानाला टिकायला मदत करतो.

मग वास्तुकार गाउदीचे काय? पार्क ग्वेलच्या जिन्यावरचा रंगीत सरडा किंवा साग्रादा फामिलियाचे मनोरे तर निर्विवाद कॅटलान आहेत. खरे आहे, पण त्यांची राळेतली छोटी प्रतिकृती तशी नाही. फुटक्या, टाकाऊ फरशांचे तुकडे वक्र पृष्ठभागावर बसवायचे, हा त्या कामाचा आत्मा होता. एकसारख्या साच्यातून लाखो सरडे काढणे ही नेमकी त्याच्या उलट क्रिया. गाउदीच आवडत असेल तर फरशीचे तुकडे बसवायला शिकवणाऱ्या कार्यशाळेत दोन तास घालवून स्वतः केलेला वेडावाकडा तुकडा आणावा. शहराच्या पदपथांवरची चार पाकळ्यांच्या फुलाची फरशी ही त्याहूनही चांगली खूण, कारण बार्सिलोनाकर तिच्यावरून रोज चालतो आणि त्या नक्षीची चॉकलेटे, साबण, वह्या स्वतःही घेतो. शेवटी येतो फुटबॉलचा शर्ट. बार्सा हा क्लब १८९९ मध्ये हान्स गाम्पर या स्विस माणसाने स्थापन केला आणि शर्ट तयार करते अमेरिकी कंपनी. हस्तकलेच्या यादीत तो कधीच येणार नाही. तरीही कॅटलान आजोबा नातवाला तोच देतात, म्हणून माझ्या कसोटीवर तो बैलाच्या मगापेक्षा कितीतरी खरा ठरतो. कसोटी प्रामाणिक असेल तर तिचे गैरसोयीचे निकालही मान्य करायला हवेत.

तिसरा आक्षेप सर्वांत चतुर आहे. आजच्या बार्सिलोनात कान्तिरमधून पाणी पितो कोण? लाल बार्रेतिना टोपी सण सोडला तर कुणाच्या डोक्यावर असते? वापर हीच कसोटी मानली, तर या वस्तू बाद होऊन फ्रिजमधली बाटली अस्सल ठरेल. याचे उत्तर असे की वापर म्हणजे केवळ रोजचा वापर नव्हे. सणाला, नाचाला, नाताळच्या देखाव्यात, गावच्या घरी उन्हाळ्यात काढली जाणारी वस्तूही वापरातलीच असते. जी वस्तू कुणीच कधी वापरत नाही, ती संग्रहालयातच शोभते, आणि अशी वस्तू टाळलेलीच बरी. खर्चाचा मुद्दाही याच ओघात निकालात निघतो. महागडी हस्तकला घ्यावीच असे माझे म्हणणे नाही. तोर्रोची वडी, तेलाची छोटी बाटली, मातीचे साधे वाडगे हे झगमगीत दुकानातल्या दोन-चार क्षुल्लक वस्तूंच्या एकत्रित किमतीत सहज बसते. वीस जणांना वीस निरुपयोगी वस्तू देणे म्हणजे देखल्या देवा दंडवत. त्यापेक्षा चार घरी एकेक खाण्याजोगी किंवा वापरण्याजोगी वस्तू बरी.

पारख करायला काही आधारही उपलब्ध आहेत. कॅटलोनियाचे सरकार कारागिरांना ओळखपत्र आणि निष्णातांना उस्ताद कारागिराचा दर्जा देते, आणि बार्सिलोनाच्या बान्यस नोउस या गल्लीत सरकारी हस्तकला केंद्र आहे. खाद्यपदार्थांवर युरोपीय संघाची लाल-पिवळी किंवा निळी-पिवळी गोल मोहोर पाहावी. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या नियमामुळे डिसेंबर २०२५ पासून मातीकाम, लेस, काच यांसारख्या खाण्यापलीकडच्या वस्तूंनाही युरोपभर भौगोलिक निर्देशांक मिळू लागण्याची वाट खुली झाली आहे. भारताने १९९९ च्या कायद्याने हे दोन्ही एकत्रच हाताळले, युरोपला त्यासाठी पाव शतक जास्त लागले. पण मोहोर आणि ओळखपत्र ही मदत आहे, निकाल नव्हे. सरकारी शिक्का नसलेल्या कुंभाराचे वाडगे उत्तम असू शकते, आणि शिक्का असलेली वस्तूही केवळ काचेच्या कपाटासाठी केलेली असू शकते. दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात : हे कुणी केले, इथले लोक हे कशासाठी घेतात आणि कधी वापरतात. ज्याच्याकडे यांची उत्तरे आहेत त्याच्याकडून घ्यावे. आणि ती उत्तरे वस्तूसोबत घरी आणावीत, कारण आजीच्या हाती कागानेर नुसताच ठेवला तर ती चिमटीत धरून दूर करेल, आणि खताची गोष्ट सांगितली तर देव्हाऱ्यापासून योग्य अंतरावर त्याला जागाही देईल.

भेटवस्तूंचा बाजार लोकांच्या मागणीकडे पाहूनच माल ठेवतो, ही त्याची कमजोरीही आहे आणि ताकदही. मेक्सिकन टोप्या खपत होत्या तोवर टांगलेल्या होत्या. बैल खपतो तोवर बैल राहील. पाहुण्याने तिथला माणूस स्वतःच्या माणसाला काय देतो एवढे विचारायला सुरुवात केली, तर तीच दुकाने वर्षभरात निराळा माल मांडतील आणि कुंभाराची भट्टी, चपला शिवणारे हात, तोर्रोची कढई यांच्याकडे चार पैसे अधिक वळतील. कॅटलान माणसाच्या घरात, पंगतीत आणि सणात ज्या वस्तूला जागा आहे, तिलाच आपल्या घरात जागा द्यावी. एवढा नियम पाळला, तर यादीची गरज उरत नाही, आणि हाच नियम लिस्बन, इस्तंबूल किंवा जयपूर इथेही तितक्याच नेमकेपणाने लागू पडतो.